पोह्यांच्या आधी

उर्मिला : पण मावशी, तुम्ही तर रविवारी येणार होत्या ना? पांढुर्ण्याला, आमच्या घरी?

वच्छलाबाई : रविवारी येतोच हाय. पण रविवारी काय दिसते बाई? तू गुमसुम बसशीन, मी पोहे खाईन, अन् आमचा श्रीकांत पंख्याकडं पाहत राहीन. मोठ्या सुनेच्या वेळेस असंच झालं. पोहे लय चांगले लागले. लगनानंतर समजलं, थे तिच्या मावशीनं केलते.

उर्मिला : अन् म्हणून तुम्ही मला पाहायला इथं बोरगावला आल्या? कारखान्यात?

वच्छलाबाई : मंग? पोरगी दिवसभर जिथं राह्यते, तिथंच पाहावं म्हटलं. सौसरहून बसनं आली. गेटवर शिपाई आडवा झाला. त्याले म्हटलं, तुह्या मायले असंच अडवतं काय रे? गेला बिचारा बाजूले.

प्रभाकर : उर्मिलाताई, या कोण? पार्टी आहे का? पेमेंट असेल तर शुक्रवारी या म्हणा.

वच्छलाबाई : पार्टीच हाय भाऊ. पोराकडची.

प्रभाकर : अरे बाप रे! बसा, बसा ना माताजी. ही खुर्ची घ्या, तिचा पाय शाबूत आहे. मी अकाउंटंट, प्रभाकर. मी चहा सांगतो. उर्मिलाताई, ती फाईल ठेवा बाजूला, जरा नीट बसा.

उर्मिला : प्रभाकरजी, आधी मला बँकेचा आजचा आकडा द्या. मुंबईला टेलेक्स जायचा आहे.

प्रभाकर : अहो, लग्न एकदाच होते. टेलेक्स रोज जाते.

उर्मिला : रोज जाते म्हणूनच आजही जायला पाहिजे. मावशी, राग मानू नका. तुम्ही बसा, मी काम करत करत बोलते.

वच्छलाबाई : कर ना तू. मले तेच पाह्यचं हाय. हे काय लिहून राहिली?

उर्मिला : बँकेत आज किती आहेत, कोणाकोणाकडून यायचे आहेत अन् कोणाला द्यायचे आहेत, ते सगळं एका कागदावर मांडायचं. मग मुंबईला हेड ऑफिसला कळवायचं. ते हो म्हणतात तेव्हा चेक निघतात.

वच्छलाबाई : अन् नाई म्हणतात तेव्हा?

उर्मिला : तेव्हा प्रभाकरजी लोकांना शुक्रवारी बोलावतात.

प्रभाकर : अन् शिव्याही मीच खातो, माताजी. हिला कोणी काही बोलत नाही. मला ॲसिडिटी झाली ती याच्यातूनच.

वच्छलाबाई : जेवणात मिरची कमी कर भाऊ. अन् पोरी, दिवसभर हेच?

उर्मिला : नाही हो. पुढच्या वर्षी किती खर्च, किती माल विकणार, त्याचाही अंदाज बांधावा लागते. आपल्याकडं व्यापारी फुलोऱ्यावर संत्र्याचा बगीचा पाहून बोली करते ना, तसंच काहीसं.

वच्छलाबाई : म्हणजे गारपीट झाली तं बसले डोक्याले हात लावून.

उर्मिला : बसतोच. आत्ताही एका गोष्टीसाठी तशीच बसली आहे मी. आमचं एक मशीन जुनं झालं. नवीन घ्यावं की नाही, याचा पूर्ण हिशोब मी केला. आजवर माझे कागद आमच्या मॅनेजर साहेबांच्या नावानं जात होते. या वेळी मुंबईचे मोठे साहेब म्हणाले, ज्या मुलीनं केलं तिच्याशीच बोलतो. पहिल्यांदाच! सकाळपासून ट्रंक कॉल बुक करून ठेवला आहे.

वच्छलाबाई : एम. कॉम. हाय ना तू?

उर्मिला : हो. कॉलेजात जाऊन नाही हं, घरीच अभ्यास केला अन् रात्रीची गाडी पकडून नागपूरला परीक्षा दिल्या.

वच्छलाबाई : अन् लगनानंतर हे समदं…

प्रभाकर : उर्मिलाताई, मॅनेजर साहेब आत बोलावून राहिले. सह्या घेऊन जा. मी पाहतो चहा कुठं अडकला.

(दोघंही जातात. टेबलावरचा फोन वाजतो. वाजतच राहतो. शेवटी वच्छलाबाई उचलतात.)

वच्छलाबाई : हॅलो… हो, बोरगावच… कोण पाह्यजे? उर्मिला? थे कामात हाय बाप्पा. साहेबानं आत बोलावलं. तुमी कोण?… मुंबईहून? एवढ्या दुरून? काहून, समदं ठीक हाय ना घरी?… बरं. मंग दुपारून करजा फोन… जेवले का तुमी?… अजून नाई? मंग जेवून घ्या ना आधी, काम काय पळून जाते? ठेवतो.

उर्मिला : मावशी, फोन वाजला का इकडं?

वच्छलाबाई : हो. मुंबईचा माणूस होता. उपाशी होता बिचारा. म्या म्हटलं, दुपारून करा.

उर्मिला : तुम्ही फोन ठेवला?

वच्छलाबाई : बोलणं झालं तं ठेवणारच ना.

उर्मिला : मावशी! सकाळपासून वाट पाहून राहिली मी त्या कॉलची! साहेब आज दुपारीच दौऱ्यावर चालले. आता पुन्हा लाइन लागेपर्यंत ते निघून जातील, अन् तो कागद पुन्हा मॅनेजर साहेबांच्या नावानं जाईल!

प्रभाकर : हळू, हळू. उर्मिलाताई, रविवारी पोहे आहेत…

उर्मिला : राहू द्या तो रविवार! दुसऱ्याच्या टेबलावरचा फोन असा उचलायचा नसते, मावशी. अन् उचलला तर ठेवायचा नसते. आता बोलूनच राहिली तर पुढचंही ऐका. नोकरी सोड म्हणाले म्हणून दोन स्थळं मी परत केली. तुम्ही मघाशी तेच विचारणार होत्या. मी नोकरी सोडणार नाही. रविवारी बाबांसमोर सांगणार होती, आज सांगते.

प्रभाकर : गेलं. चहाही थंड झाला अन् स्थळही.

वच्छलाबाई : झालं बोलून? थो फोन इकडं दे.

उर्मिला : आता कशाला?

वच्छलाबाई : दे म्हटलं ना. हे चक्री फिरवा लागते काय?

उर्मिला : नुसता उचला. सौसरचं एक्सचेंज बोलते.

वच्छलाबाई : हॅलो, कोण? सुनंदा हाय का?… अवं मी मोठी आई. तुहा बाप कसा हाय?… बरं, ऐक. आत्ता मुंबईचा फोन आलता, म्या ठेवून देला. थो मले परत पाह्यजे… तीन घंटे काहून? आत्ताच पाह्यजे. कोणाची तरी लाइन काढ… मी काय सांगू कोणाची, तुले दिसते ना तिथं… हो, एका पोरीचं काम अडलं माह्यापायी. कर माय.

प्रभाकर : कोण होती ही?

वच्छलाबाई : माह्या देराची पोरगी. लाइनीवर तेच बसते.

प्रभाकर : आणि मी इतकी वर्षं अर्जंट कॉलचे जास्तीचे पैसे भरून राहिलो! घ्या, वाजला.

उर्मिला : नमस्कार सर, उर्मिला बोलते… हो सर, माफ करा… हो, तो हिशोब मीच केला… जुन्या मशीनचा दुरुस्तीखर्च दरवर्षी वाढूनच राहिला, सर. नवीन घेतलं तर पहिलं वर्ष जड जाईल, पुढं खर्च निघून येईल… नाही सर, विक्री कमी झाली तरी निघते. तो आकडा दुसऱ्या पानावर आहे… हो, तोही मीच काढला… थँक यू सर… कोण? मघाशी फोन घेतला त्या? नाही सर, स्टाफमधल्या नाहीत. त्या… माझ्या घरच्या आहेत… हो, सांगते. मावशी, साहेब म्हणून राहिले की आता जेवायला जातो.

वच्छलाबाई : जा म्हणा. पास झाली का तू?

उर्मिला : मशीन घेऊन राहिले. अन् यापुढं माझ्या कागदावर माझंच नाव टाका म्हणाले.

वच्छलाबाई : मंग रडून काहून राहिली?

उर्मिला : आनंदानं. अन् तुम्हाला एवढं बोलली, त्याचंही वाईट वाटून राहिलं.

वच्छलाबाई : चूक माही होती, तं मलेच बोलशीन ना. आमच्या घरी समदे मले भेतात. तोंडावर गूळ अन् मागून कुरकुर. एक तं समोर बोलणारं माणूस भेटलं.

प्रभाकर : म्हणजे रविवार पक्का, माताजी?

वच्छलाबाई : माह्याकडून पक्का. श्रीकांतले तिनं पाह्यचं हाय अजून. पोट्टं चांगलं हाय, पण बोलते कमी. खोदून खोदून विचारजो पोरी, त्या मुंबईच्या माणसानं विचारलं तसं.

उर्मिला : अन् मावशी, नोकरीचं?

वच्छलाबाई : तू पांढुर्ण्याहून निघतं किती वाजता?

उर्मिला : अंधार असते तेव्हाच. दोन बस बदलाव्या लागतात.

वच्छलाबाई : मंग आमचं सौसर तं हे इथंच हाय. रोज घंटाभर जास्त झोपशीन.