दसऱ्यापासून आचके देणारी गाडी

‘सोयाबीन वाळलं का तुमचं?’
‘मले फक्त मागच्या चाकात हवा पायजे.’
‘दसरा झाला, तरी ऊन पाय कसं!’

मंगरूळपीरला पंक्चरच्या दुकानापुढे रांग होती. स्कूटीवर थांबलेल्या पल्लवीच्या पुढे पेट्रोलवरची एक जुनी मोठी गाडी आचके देत होती आणि बोनट उघडून भागिरथा नवऱ्याशी, शेषरावांशी, भांडत होती.

‘कारंज्याले जाऊन आलो त अर्धी टाकी खाल्ली इनं. दुपारी भंगारवाला येऊन राह्यला, देऊन टाकू.’
‘मंग गावच्या पोरी कॉलेजले काय तुमच्या खांद्यावर बसून जातील?’
‘इंजिन म्हातारं झालं, भागिरथा.’
‘तुमी नाई झाले? गाडी चालू ठेवा. मी एकेका प्लगची तार काढते. पह्यली काढली, आवाज पडला?’
‘पडला.’
‘ते लावली. आता दुसरी.’
‘पडला.’
‘आता तिसरी.’
‘काढ ना.’
‘काढली म्हणते ना!’
‘काईच फरक नाई वं.’
‘म्हंजे हाच प्लग झोपला. बंद करा, इकडं या. प्लगच्या खड्ड्यात पाणी हाय, अन् तेबी पिवळं.’
‘हळदीचं?’
‘दसऱ्याले पूजा कोनं केली?’
‘लोक नुसतं बोनट धुतात. मी म्हटलं, राबते ते इंजिन, त्यालेच आंघोळ घालू.’
‘पाइपानं?’
‘पाइपानं.’
‘पेट्रोल न जळता वाया जाऊन राह्यलं, अन् म्हने म्हातारं इंजिन! पंक्चरवाले भाऊ, चाक राहू द्या. आधी हवा या खड्ड्यात मारा.’

गाडी सुरू झाली, एकही आचका न देता.

‘ते ठीक हाय, पन भंगारवाल्याले आता काय सांगू?’

‘येऊ नको’ असा फोन भागिरथेनं त्याला सकाळी घरून निघण्याआधीच केला होता.