जज्ज क्राइडर यांच्या ओसरीवर

—नाही, 'थोर' लिहू नका. कोर्टाच्या इमारतीला त्यांचं नाव देताय ना, द्या खुशाल, पण माझ्या तोंडी तो शब्द नको. अकरा वर्षं मी त्यांची टाइपिस्ट होते — लायमन क्राइडर, वकील — ती पाटीसुद्धा मीच पुसायचे. आमच्या केंटकीच्या डोंगरात कुणी चोरून मक्याची दारू गाळताना सापडला, की त्याचं वकीलपत्र साहेबांकडे. फी म्हणून कुणी मध आणायचं, कुणी कोंबडी. एकाने बोकड आणून टेबलाला बांधला, त्याने मी टाइप केलेला अर्धा अर्ज खाल्ला — हसा, साहेबही हसले होते. परत टाइप मी केला.

मग राजकारण. भाषणं मी टाइप केली, पाकिटं मी चिकटवली — जीभ सोलून निघायची. तीनदा वॉशिंग्टनला निवडून गेले. सुट्टीत घरी आले की रविवारी ओसरीवर ही रांग — कुणाला पेन्शन, कुणाला पोस्टात नोकरी, कुणाला ओढ्यावर पूल. 'बघतो' म्हणायचे, आणि बघायचेही, खोटं कशाला बोलू? पुढे सेनेटला उभे राहिले आणि आपटले. पक्षाने सोय लावली — फेडरल कोर्टाचे जज्ज, तेही मरेपर्यंत. एकदा मतं मागायची नाहीत म्हटलं की माणसं कशाला लागतात?

माझा धाकटा भाऊ, क्लेल. त्याची भट्टी सापडली. पहिलाच गुन्हा. खटला कुणापुढे आला? साहेबांपुढे. आई म्हणाली, देव पावला. आणि साहेबांनी काय केलं — हात वर केले. खटला शहरातल्या दुसऱ्या जज्जकडे. त्याने चार वर्षं ठोकली. दुसऱ्या हिवाळ्यात क्लेल तुरुंगात न्यूमोनियाने गेला. हे लिहा.

का म्हणजे? साहेबांनी भर कोर्टात सांगितलं, आरोपीच्या घरचं कुणीतरी मला भेटून गेलंय, आता हा खटला मी चालवणं बरं नाही. नाव घेतलं नाही. कोण ते मला काय ठाऊक — सगळ्या खोऱ्याने क्लेलच्या बायकोला धरलं. ओराची जीभ तशी लांबच. आईने मरेपर्यंत तिचं तोंड पाहिलं नाही. शेवटी पोरींना घेऊन ओहायोला गेली बिचारी. मी काय बोलणार? मी आपली खटल्याआधीच्या रविवारी साहेबांच्या ओसरीवर जाऊन आले होते, एवढंच. खारवलेली डुकराची तंगडी घेऊन, सगळे जायचे तशीच. म्हटलं, साहेब, पोराला घरी पाठवा.  ते म्हणाले, "वर्ना, तू हे बोलायला नको होतंस. आता ऐकलं नाही असं मला म्हणता येणार नाही." आणि तंगडी माझ्या हातात परत दिली. अकरा वर्षं काम केलं त्या माणसाकडे.

त्या आठवड्यात? साहेबांपुढे आणखी होते ना. भट्टीवालेच, पाच जण. पहिल्याच गुन्ह्याचे. साहेबांनी त्यांना समज दिली आणि — घरी पाठवलं. पाचही जणांना.

ते कशाला लिहिताय? खोडा. खोडा म्हणते ना. आणि उठा आता, मला शेंगा सोलायच्या आहेत.