भिंतीवरचं बटण

ती — कॉम्प्युटरवर पुन्हा तीच निळी स्क्रीन? अहो, मघाशी हे सगळं करून झालं होतं ना?

तो — झालं होतं. राहिलं नाही.

ती — राहिलं नाही म्हणजे? पाहुणा आहे का तो?

तो — अगं, जुना बोर्ड आहे. नवीन सिस्टीम टाकायच्या आधी त्याला बजावून सांगावं लागतं. आधी पेन ड्राइव्ह बघ, मग डिस्क. फ्लॉपी शोधत बसू नकोस, ती कधीच गेली. डिस्क नव्या पद्धतीनं वाच, जुन्या नको. हे आधीच केलं नाही तर टाकलेली सिस्टीमसुद्धा नंतर रुसते.

ती — मग बजावा ना लवकर. चार वाजता ऑनलाइन परीक्षा आहे. फोनवर चालत नाही, जुन्या सिस्टीमवर चालत नाही. गावाची मशीनं नवीन करून देता आणि घरात हे खटारं. दिव्याखाली अंधार तो हाच.

तो — सुपरवायझर व्हायच्या आधीच हुकूम सोडायला लागलीस.

ती — सतरा वर्षं दवाखान्याच्या चादरी धुतल्यात. आता दुसऱ्यांना सांगायची वेळ आलीय. तुम्ही हात चालवा.

तो — हे बघ, झालं. सेव्ह केलं. आता जरा थांब, डिस्कची केबल सैल वाटतेय.

ती — मघाशीही तेच म्हणालात.

तो — मघाशी विजेची बघितली. ही दुसरी.

ती — बटण का बंद केलंत भिंतीवरचं?

तो — पेटीत हात घालायच्या आधी मेन बंद. वडिलांनी शिकवलंय. उगाच का एवढी वर्षं जिवंत आहे?

ती — बरं, बरं. घट्ट झाली? लावा आता.

तो — लावलं.

ती — अहो! ही तारीख बघा. या तारखेला आपली पोरगी पहिलीत होती!

तो — हं.

ती — आणि फ्लॉपी पुन्हा पहिल्या नंबरावर. ये रे माझ्या मागल्या! थांबा. नुसतं बंद-चालू केलंत तेव्हा सगळं नीट होतं. भिंतीवरचं बटण दाबलं की हा विसरतो.

तो — त्यात एक सेल असतो. नाण्याएवढा. वीज गेली की तोच सगळं लक्षात ठेवतो. तो संपलाय.

ती — मग नवीन घाला. दुकानात बरणीभर सेल आहेत तुमच्या.

तो — दुकान लांब आहे.

ती — लांब? चौक ओलांडला की दुकान! मी जाते. चावी द्या.

तो — नको. ऊन आहे.

ती — उन्हाचं काय घेऊन बसलात! तुम्हाला कधी कळलं सेल गेल्याचं?

तो — सकाळी.

ती — सकाळी! आणि तरी तुम्ही दर वेळी ते बटण बंद करताय? तुमच्यासारखा माणूस? शिकाऊ पोरगासुद्धा असं करणार नाही.

तो — सवय आहे गं ती.

ती — सवय एकदा. दोनदा नाही. खिशात काय आहे ते दाखवा बघू.

(तो शर्टाच्या खिशावर हात ठेवतो, मग काढून घेतो.)

तो — सेलच आहे. सकाळी दुकानातून येताना आणला.

ती — काय म्हणू आता तुम्हाला! मी इथं येरझाऱ्या घालून पाय मोडतेय. पाठ केलेलं सगळं डोक्यातून चाललंय, आणि हा माणूस सेल खिशात घालून बसलाय. मला परीक्षा देऊ द्यायची नव्हती तर तोंडानं सांगायचं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?

तो — द्यायची होती. म्हणून तर आणला ना.

ती — मग?

तो — मग हातच चालेना. नेमणूक दुसऱ्या गावाला असते ना त्या जागेची?

ती — असते.

तो — तू पास होणार. मला ठाऊक आहे. कुकरशी उभी राहून पुटपुटत होतीस तेव्हाच कळलं. आणि मग इथं संध्याकाळी दुकान बंद करून यायचं कुणाकडं?

ती — एवढंच होतं?

तो — एवढंच काय? मला भीती वाटते. झालं?

ती — अहो, दवाखान्यातल्या साहेबांनी विचारलं होतं मला, तिकडं खोली एकट्यासाठी बघायची की कुटुंबासाठी.

तो — मग काय सांगितलंस?

ती — मला मशीनं दुरुस्त करणारा नवरा आहे म्हटलं. खिडकी रस्त्याकडे असलेली बघा, पाटी लावता येईल.

तो — मला विचारलं नाहीस.

ती — विचारणार होते. आधी पास तर होऊ दे म्हटलं, नाहीतर तुम्ही आजपासूनच सामान बांधाल.

तो — चल, सरक जरा. उजेड अडवू नकोस, सेल बसवायचाय.