पडून पाहिलेली गादी

जुन्या, नावाजलेल्या हॉटेलच्या काउंटरवर माझ्यापुढे साठीचं एक जोडपं उभं होतं. दोघं नुकतीच खोली बघून आली होती आणि काउंटरमागच्या बाईंशी भाड्यावरून बोलत होती.

"एवढं भाडं? गालिचा विरलाय, नळ खोकतो, लिफ्ट कण्हते."

"अहो, तुमचंही तसंच आहे. मी शोधलं का दुसरं?"

"चेष्टा नको. गादीला मधोमध खड्डा आहे. मी स्वतः पडून पाहिलं."

"पडून? चांगले दोन तास घोरलात! घरी रात्रभर येरझाऱ्या घालता, मलाही झोपू देत नाही."

"घोरत नव्हतो. डोळे मिटून विचार करत होतो."

"खोली दाखवणारी मुलगी दाराशी ताटकळली बिचारी."

"ते जाऊ दे. मॅडम, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं झालंय तुमचं. भाडं निम्मं करा, नाहीतर आम्ही चाललो."

"निम्मं कसं करू काका? तुमच्या विचारांच्या आवाजाने शेजारचे पाहुणे आत्ताच खोली बदलून गेले."

"ऐकलंत? मॅडम, ह्यांना तीच खोली द्या. आणि मला सगळ्यात लांबची."

"दोन खोल्या? अगं, भाडं..."

"पूर्ण लावा, मॅडम. तीस वर्षांनी आम्ही दोघं एकाच रात्री झोपणार आहोत."