वरच्या वाडीचा धूर

आवडी: परत एकदा लाव गो.

निशा: काकी, चार वेळा ऐकलंत. बॅटरी अठरा टक्क्यांवर आलीय आणि तुमच्या वाडीतले विजेचे खांब आडवे झालेत.

आवडी: ही शेवटची. मंग नाय मागणार.

उज्वला (मोबाइलवर आलेल्या निरोपातून): निशा, हे तुला कधी मिळेल ठाऊक नाय. पोलादपूरला बाबांकडं जाशील तेव्हा खाली आमच्या आईला सांग, श्रीवर्धनात आम्ही सगळी बरी आहोत. सुपारीची वाडी पुरी झोपली. घराचे पत्रे कुठं गेले ते त्या समुद्राला ठाऊक. पण माणसं जागच्या जागी हायत. आईला बोल, तुझी पोर बरी हाय. अनिलला बहिणीकडं धाडू नको म्हणावं, रस्ता नाय.

आवडी: तुझी पोर. दोन पोरांची आई झाली, तरी स्वतःला पोर म्हणते.

निशा: डोळे पुसा आधी.

आवडी: मी कुठं रडते. छपरातनं गळतंय.

निशा: छप्पर आहे कुठे गळायला? काकी, आता माझ्या बाबांचं सांगा. तासभर झाला मला येऊन. तुम्ही पाणी दिलंत, सेजलला भात भरवलात, जावयाची चौकशी म्हणून विपुलची एमआयडीसीतली कंपनी चालू झाली का तेही विचारलंत. बाबांचं नाव काढलं की तुम्ही मोबाइल मागता.

आवडी: पोरीला मांडीवर नीट घे. मान लवंडलीय तिची.

निशा: झोपलीय ती. सांगा.

आवडी: मला ठाऊक नाय गो. तेच तर सांगवत नव्हतं. तुझा बाबा कसा हाय ते मला ठाऊक नाय.

निशा: कोणालाच नाही?

आवडी: परवा वादळ झालं, त्यात पऱ्याला लोंढा आला, पलीकडं जायचा साकव वाहून गेला. वरच्या वाडीत आता एकटा तुझा बाबा. बाकीच्या तिन्ही घरांना कुलपं, माणसं मुंबईला. तिकडनं कोण खाली आलं नाय, इकडनं कोण वर गेलं नाय. आज उजाडता अनिल गेलाय. दोरी घेतलीन, कोयती घेतलीन.

निशा: उजाडता म्हणजे सहा. साकव होता तेव्हा वर जायला पाऊण तास लागायचा. आता अकरा वाजतायत.

आवडी: वाट झाडांनी भरलीय. एकेक तोडत जायचं.

निशा: जायला दोन तास धरा. यायला दोन. दहाला यायला हवा होता तो.

आवडी: तू धर. पऱ्यातलं पाणी नाय तसं धरत.

निशा: काल का नाही गेलं कोणी?

आवडी: काल सकाळी जानूची आई कौलांखाली होती. तिला बाहेर काढली. पाय मोडला होता, मंग डोली करून खाली सडकेपर्यंत नेली. चौघं लागली उचलायला. ती माघारी आली तवा दुपार टळली आणि पऱ्याला छातीएवढं पाणी. तरी अनिल उतरला होता. मीच हाक मारून मागं घेतला. तेवढं माझ्यावर हाय. रागवायचं तर रागव.

निशा: रागावू कशी? उज्वलाचा पत्ता नव्हता तुम्हाला. आज तुम्ही अनिलला श्रीवर्धनला धाडला असतात तरी मी काही बोलू शकले नसते.

आवडी: तो निघालाच होता बहिणीकडं. मी बोलले, तिच्याजवळ नवरा हाय, दीर हाय, सगळं गाव हाय. वर एकटा माणूस हाय. आधी तिकडं जा.

निशा: काकी.

आवडी: काकी काय. हिशोब सरळ हाय.

निशा: हाताला काय झालंय? मघापासून पदराखाली लपवताय.

आवडी: दार धरलं होतं.

निशा: बघू. तळवा सोललाय सगळा. किती वेळ धरलं होतं?

आवडी: वारा होता तवर. आत सात माणसं होती, शेळ्या होत्या. बिजागरी गेली, मंग मी पाठ लावली. नंतर छप्परच उडालं, तवा बोलले, आता दाराला कशाला धरू?

निशा: हसताय काय? ह्याला औषध लावायला हवं. माझ्या पिशवीत आहे.

आवडी: तुझ्या पिशवीत काय नसतं? पोर एक, बाटल्या आठ. फाट्यावरनं एवढं उचलून चालत आलीस?

निशा: विपुलने फाट्यापर्यंत सोडलं. त्याला दुसरी पाळी होती, पुढे मीच निघाले. हात हलवू नका. जळजळेल.

आवडी: जळू दे. तुला एक सांगू? पयलं असं तोंडात मारल्यासारखं बसावं लागत नव्हतं. ह्या ओट्यावर उभं राहिलं की चारी वाड्यांचे अकरा धूर दिसायचे. मी लग्न होऊन आले त्या सालात सासूनं दाखवलंन. वादळ होऊ दे, दरड पडू दे, सकाळी उठून पयले धूर मोजायचे. धूर हाय म्हणजे माणूस उठलाय, काडी ओढायला हात हाय त्याला. नाय दिसला तर चालू पडायचं. निरोपाची वाट बघायची नाय.

निशा: आणि बाबांच्या घराचा?

आवडी: तो दिवाळीपासनं नाय दिसत.

निशा: गॅस.

आवडी: तसंच काय नाय गो.

निशा: तसंच आहे. गॅस मीच घेऊन दिला. महाडच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा एक्स-रे दाखवला. चूल पेटवायची नाही म्हणून शब्द घेतला मी त्यांच्याकडून. आंघोळीच्या पाण्यालासुद्धा नाही.

आवडी: बरं केलंस. चढणीला चार वेळा बसायचा, आता एकदा बसतो. मी बघते ना.

निशा: काल सकाळी तुम्ही इथे उभ्या राहिलात तेव्हा काय बघितलंत? ते सांगा.

आवडी: कुलपं नसलेल्या घरांचे धूर मोजीत बसले होते. काही दिसले, काही नाय, नाय दिसले तिथं माणूस धाडला. जानूच्या आईचं तसंच समजलं. तुझ्या बाबाचं काय समजायचं तेच समजंना. गॅसवर चहा करीत असंल, नायतर. इथनं फणस पडलेला दिसतोय. घरावर पडलाय का गोठ्यावर, ते नाय दिसत.

निशा: थर्मामीटर दिला मी त्यांना. बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र दिलं. दर रविवारी आकडे विचारते. आणि खालून एका नजरेत कळत होतं तेवढं मात्र काढून घेतलं.

आवडी: तू त्याचा खोकला काढून घेतलास. उगाच काय बडबडतेस?

निशा: काकी, सेजलला घ्या. उठली तर पिशवीत बिस्किटं आहेत. पाणी उकळलेलंच द्या, निळ्या झाकणाच्या बाटलीतलं.

आवडी: आणि तू?

निशा: वर जाते.

आवडी: बस खाली. पऱ्या बघितलायस का?

निशा: लहानपणी रोज ओलांडायचे मी तो. शाळेला.

आवडी: तवा तुझ्यामागं पोर नव्हती.

निशा: तेव्हा माझ्यामागे बाप होता. पाणी वाढलं की खांद्यावर घेऊन उतरायचे. घ्या काकी, हिला घ्या. मी पाणी बघते, जास्त असेल तर काठावरून अनिलला हाक मारते. नुसती बसले तर वेडी होईन मी.

आवडी: निशा, शेजारच्या दीपकला बोलावते, त्याला सोबत ने. एकटी नको.

गोमाजी: वयनी. वयनी, हायस का घरात?

आवडी: थांब गो. कोण बोललं?

गोमाजी: घरात म्हणजे, घर दिसत नाय म्हणून विचारतो. हायस ना?

निशा: बाबा.

गोमाजी: तू? तू कुठनं आलीस? आणि तान्ही पोर घेऊन, असल्या वाटेनं? शिकून काय केलंस?

निशा: आधी बसा. डोक्यावरचं उतरवा. हळू. श्वास घ्या. बोलू नका.

गोमाजी: बोलू नको तर हाक कशी मारायची? जय भीम वयनी. बरी हायस ना?

आवडी: जय भीम. भावजी, मी बरी हाय. तुम्ही मागनं कसे आलात?

गोमाजी: साकव नाय, म्हणून खिंडीतनं आलो. वळसा पडला. तीन वेळा बसलो. पोरगी विचारंल म्हणून मोजून ठेवलंय.

निशा: घर?

गोमाजी: हाय. फणस गोठ्यावर पडला, गोठा रिकामा होता. कौलं गेली ओटीवरची. बाबासाहेबांचा फोटो वादळाआधीच कणगीत ठेवला होता, त्याच्यावर रेशन कार्ड. दोन्ही कोरडी हायत.

निशा: आणि हे काय उचलून आणलंत एवढं? सत्तर वर्षांचं माणूस, खिंड चढून, डोक्यावर मोळी. त्यात हे लोखंडाचं काय आहे?

गोमाजी: पहार.

निशा: पहार कशाला?

गोमाजी: वयनीला विचार. काल सकाळी उठलो, खाली बघितलं, तर हिच्या घरावर धूर नाय. बोललो, वादळाचं झालंय, उशीर असंल. दुपारी बघितलं, नाय. आज उजाडता बघितलं, तरी नाय. तापानं फणफणली असली तरी पेटवते ती. दोन दिस चूल थंड म्हणजे एक तर लाकडं भिजली, नायतर वयनी वाशाखाली हाय. लाकडं घेतली आणि मोळीत पहार घातली. जे असंल त्याला कामाला येईल.

आवडी: लाकडं भिजली हो. मे महिनाभर वाहिलेली, माळ्यावर रचलेली. छपराबरोबर सगळी गेली. आम्ही दीपकच्या गॅसवर रांधतो, सगळी वाडी.

गोमाजी: मंग पहार फुकट आणली. बरं झालं.

निशा: बाबा, ही कोरडी आहेत. ठणठणीत कोरडी.

गोमाजी: असणारच. मागल्या पडवीत ताडपत्रीखाली पडून होती. दिवाळीपासनं कोण हात लावतंय त्यांना? तू शब्द घेतलास ना.

निशा: मी मघाशी काकींना तेच सांगत होते. चूल मीच बंद केली म्हणून तुमचं काही कळेना.

गोमाजी: चूल बंद केलीस. डोळे नाय बंद केलेस. तीस वर्षं घाटात सडकेवर दरडी काढल्या मी. दरड कुठं पडलीय ते बघायला समोरून कोण शिट्टी मारत नाय. आपणच बघायचं.

निशा: काकी, एक विचारू? काल तुम्ही सगळ्यांचे धूर मोजलेत. तुमचा स्वतःचा मोजलात?

आवडी: आपला कोण मोजतं गो?

गोमाजी: मी मोजतो. तू ओट्यावर उभी राहून आमचे बघतेस, आम्ही काय डोळे मिटून बसतो होय? अनिल कुठं हाय?

आवडी: तुमच्याकडं गेलाय. पहाटेचा.

गोमाजी: माझ्याकडं? कशाला?

आवडी: तुम्ही वाशाखाली हाय का बघायला.

गोमाजी: अरे देवा. मी दाराला कडी घालून आलो.

निशा: म्हणजे तो पोचला असेल, घर रिकामं बघितलं असेल.

गोमाजी: आणि आता पऱ्याच्या काठाकाठानं मला शोधीत असंल. तो तसा माघारी येणार नाय. सगळं पाणी धुंडाळल्याशिवाय नाय येणार तो.

निशा: फोन लावू का? नाही, रेंजच नाही. मी जाते हाक मारायला.

आवडी: इथनं हाक पोचत नाय गो. पाण्याचा आवाज हाय केवढा. बस तू. ती आगपेटी कुठं हाय तुझी? तुझ्या पिशवीत असंलच.

निशा: आहे. मेणबत्त्यापण आहेत.

आवडी: मेणबत्ती ठेव. चुलीतली राख काढ, भिजलीय ती. खाली त्याची कोरडी लाकडं घाल. आणि वरनं माझं एक ओलं ठेव.

निशा: ओलं कशाला? पेटणार नाही नीट.

गोमाजी: तिला कळतंय. घाल.

आवडी: अनिल माझा पोर हाय. त्याला ठाऊक हाय, सगळ्या वाडीत एक काडी कोरडी नव्हती सकाळी. चूल पेटलेली बघितलीन की समजंल, लाकडं कोण घेऊन आलं ते.

निशा: बाबा, तुम्ही बाहेर ओट्यावर बसा. सेजलला घेऊन. तिलाही धुरात नको आणि तुम्हालाही नको.

गोमाजी: जातो. डॉक्टरीणबाईचा हुकूम. ये गो बाय, ये आजाकडं. डोळे बघ कसे वटारते, आयशीसारखी.

आवडी: फुंक. अशी नाय, खाली वाकून. कॉलेजात फुंकायला शिकवत नाय वाटतं.

निशा: पेटलं. काकी, पेटलं. पण केवढा धूर होतोय. डोळे उघडता येत नाहीत.

आवडी: होऊ दे. लांब जायचंय त्याला.