चढावरचा क्लच

शोरूममध्ये, लाल स्पोर्ट्स कारपाशी, माझ्या पुढे एक नवरा-बायको उभे होते.

“तीस वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवलंत, या गाडीसाठी झुरलात, आणि आता ऑटोमॅटिक घेणार?”

“हो.”

“ऑटोमॅटिक म्हणजे पांगुळगाडा, असं तुम्हीच म्हणायचात ना?”

“हळू बोल. परवा शिकवताना चढावर गाडी मागे गेली आणि ती शिकाऊ मुलगी रडली...”

“तिला क्लच जमत नाही म्हणालात.”

“शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच असतो. तो मीच दाबलेला होता. डावा पाय वर येईचना.”

“अहो! मग सांगितलंत ना तिला?”

“तिलाच झापलं. म्हटलं, तुला सात जन्मांत गाडी येणार नाही. कालपासून ती येत नाही.”

“चला, आधी तिच्या घरी जाऊ.”

“पाय दुखतोय. तू चालवशील?”

“मला कुठं येते? मलाही तुम्ही हेच म्हणाला होतात.”