डावी, उजवी, थांब

नरेंद्र : अगं, जपून! स्कीच्या त्या कडेवरून बोट नको फिरवूस, कापेल.

पद्मजा : मग बघू कशी? डोळे गेल्यापासून माझं बघणं बोटांनीच. उर्वी, हे बघ, नखाचा कीस निघाला. याला म्हणतात धार!

उर्वी : आई, ग्रेट आहेस तू. दुकानातला माणूस थांबून बघतोय तुझ्याकडे. ही जोडी एकदम स्टिफ आहे हं. कमरेत बारीक, आत मेटल. मशीनने दाबलेल्या कडक बर्फावर जिथे वळवशील तिथेच वळते. पण फास्ट आहे.

पद्मजा : हीच.

नरेंद्र : घे, घे. तुला शोभेल. उर्वी, काल तू यायला हवं होतंस. ही उतारावरून अशी उतरली ना, की डोक्यावरून जाणाऱ्या लिफ्टच्या पाळण्यांतले लोक टाळ्या वाजवत होते. बासष्टाव्या वर्षी, दिसत नसताना! मला तर रडूच आलं.

पद्मजा : मला नाही सांगितलंत ते.

नरेंद्र : तुला काय सांगायचं! आणि म्हणूनच... नीलशी बोललोय मी.

पद्मजा : कोण नील?

उर्वी : इथला इन्स्ट्रक्टर. बाबा, तू आईला न विचारता?

नरेंद्र : उद्यापासून माझ्याऐवजी तो तुझ्यापुढे राहून वळणं सांगेल, पद्मा. तू सुसाट, आणि मी पुढे असलो की तुला सारखा वेग कमी करावा लागतो. तुझ्या वाटेतली धोंड झालोय मी.

पद्मजा : आणि तो काय ओरडणार? लेफ्ट, राइट? या डोंगरावर सगळे तेच ओरडतात. त्यातलं माझं कुठलं ते कसं कळणार? 'डावी', 'उजवी', 'थांब' म्हणणारा इथे एकच माणूस आहे.

नरेंद्र : तीन तर शब्द. शिकवू त्याला.

पद्मजा : वा! जर्सी सिटीला घरी तुम्ही 'हं' आणि 'बरं' यांवर सदतीस वर्षं काढलीत. इथे निदान तीन शब्द मिळतात मला. तेही देऊन टाका!

उर्वी : बाबा, शी हॅज अ पॉइंट.

पद्मजा : आणि अहो, तुम्ही हळू नाही. तुमच्या स्की घसरतात. प्रत्येक वळणावर खर्रर्र, करपलेलं पातेलं खरवडल्यासारखं. मला रोज भीती वाटते, पडाल म्हणून.

नरेंद्र : चांगल्या आहेत माझ्या. सेलमध्ये घेतल्यात...

उर्वी : बाबा, त्या ताज्या भुसभुशीत बर्फासाठी असतात! केवढ्या रुंद! आणि तुझ्या मापापेक्षा लांब.

नरेंद्र : तेव्हा शिकत होतो ना मी. म्हटलं, पुढे लागतील.

पद्मजा : म्हणजे वाढत्या अंगाच्या घेतल्यात! साठी उलटलेल्या माणसाने!

उर्वी : माझ्या शाळेच्या विंटर कोटासारख्या. तो मला शेवटपर्यंत बसलाच नाही.

पद्मजा : उर्वी, ही जोडी बाबांच्या बुटांना अॅडजस्ट करून घे.

नरेंद्र : अगं, ही तुझ्यासाठी ना?

पद्मजा : माझ्या मस्त आहेत. तुमच्यासाठीच चाचपत होते मघापासून.

उर्वी : म्हणून तू गाडीत बाबाची हाइट विचारत होतीस!

(नवी जोडी घालून नरेंद्र एक फेरी मारतात आणि उताराच्या पायथ्याशी येतात. मायलेकी तिथे उभ्या आहेत.)

उर्वी : बाबा, काय झुकला होतास! मागे बर्फात फक्त दोन बारीक रेघा!

नरेंद्र : पद्मा, काय बर्फ धरून ठेवते गं ही! एकदाही भीती वाटली नाही. परत जाऊ? तू चल ना!

पद्मजा : आणि नील?

नरेंद्र : नाही म्हणून सांगतो त्याला. आत्ताच सांगतो.

पद्मजा : पण एक पंचाईत झाली. त्या खरखरीवरून मला कळायचं, तुम्ही किती पुढे आहात ते. आता ती बंद.

नरेंद्र : मग गं?

पद्मजा : मग तुम्हाला बोलत राहावं लागेल. पायथ्यापर्यंत. तीन शब्दांवर नाही भागायचं.

नरेंद्र : एवढं काय बोलू मी?

पद्मजा : लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्हाला रडू आलं, तिथून सुरुवात करा.